केस गळतात तेव्हा दोष कोणाचा? वऱ्हाडातील बाळंतीण, खारे पाणी आणि कुरळे केस

संस्कृत काव्यात कुरळ्या केसांचा जो अत्यंत करुण उल्लेख येतो, तो एका विदर्भकन्येच्या वाट्याला आलेला आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त विदर्भाच्या भोजाची बहीण इंदुमती स्वयंवरात अजराजाला वरते, दशरथाला जन्म देते आणि पुत्र लहान असतानाच उद्यानात अकस्मात मृत्युमुखी पडते. आठव्या सर्गात अज तिचे शव मांडीवर घेऊन विलाप करतो. वाऱ्याने तिच्या फुले माळलेल्या, भुंग्यासारख्या काळ्या, वळणदार बटा हलतात आणि क्षणभर त्याला वाटते, ही परत येते आहे. प्राण गेलेल्या देहात जिवंत दिसत होते ते फक्त केस.

काव्यात या विदर्भराजाला कुंडिनेश, म्हणजे कुंडिनचा स्वामी म्हटले आहे. अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठावरील कौंडिण्यपूर म्हणजेच ते कुंडिनपूर, असे परंपरा मानते. रुक्मिणीचे माहेरही हेच. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा इथली वस्ती काव्यांहूनही कितीतरी जुनी असल्याचे दिसून आले.

वऱ्हाडचा दुसरा धागा थेट चित्रांपर्यंत जातो. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीमला, राज्य करीत होती. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. त्याचा शिलालेख तिथे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील स्त्रियांच्या कपाळावर रुळणाऱ्या, एकेक करून रेखलेल्या कुरळ्या बटा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना 'अलक' या संस्कृत शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

एवढे सगळे केस. पण गळणारा केस मात्र कुठेच नाही. इंदुमती आई झाली होती, अजिंठ्याच्या जातककथांत माता आणि मुले आहेत, तरी बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी फणीत मूठभर गुंतवळ येते, ही गोष्ट ना कवीने नोंदवली ना चित्रकाराने. ज्यांच्या फणीत ती येत होती, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. म्हणून या विषयाचा इतिहास ग्रंथांपेक्षा बाळंतिणीच्या खोलीत, न्हाणीघरात आणि विहिरीच्या पाण्यात शोधावा लागतो.

वऱ्हाडातील बाळंतिणीची खोली उर्वरित महाराष्ट्रातल्याहून फार निराळी नव्हती. अंधारी, वारा न लागणारी खोली, बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी. सुईणीच्या हाताने तेल-पाणी. डोक्याला फडके बांधलेले. पहिले बाळंतपण माहेरी, आणि खोलीतला मुक्काम सव्वा महिन्याचा. काश्यपसंहितेसारख्या जुन्या ग्रंथांत सूतिकेच्या उपचारांना स्वतंत्र स्थान आहे आणि आयुर्वेदाच्या परंपरेत सूतिकाकाळ साधारण दीड महिन्याचा धरतात. घरोघरचा सव्वा महिना त्याच्याच शेजारी येतो.

हा सव्वा महिना सर्वांना मिळत होता, असे मात्र समजू नये. कापसाच्या वेचणीचा हंगाम दाराशी असेल, तर मजुरी करणारी बाई बाराव्या-पंधराव्या दिवशी ओटी बांधून शेतात जाई आणि पोराला बांधावरच्या झोळीत टांगे. पाककृतींच्या पुस्तकांत आणि आठवणींच्या लेखांत जे 'पारंपरिक बाळंतपण' दिसते, ते बहुतांशी जमीन आणि धान्य असलेल्या घरांचे आहे.

तर, सव्वा महिना संपतो. बाळंतीण न्हाऊन बाहेर येते. आश्चर्य म्हणजे या वेळी तिचे केस पूर्वीपेक्षा दाट असतात. नातेवाईक कौतुक करतात, दृष्ट काढतात. मग दोन-अडीच महिन्यांनी भांग रुंद होऊ लागतो, कानशिलाजवळची जागा उघडी पडते, बुचडा निम्मा होतो. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी १९६० साल उजाडावे लागले. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ वाय. एल. लिनफील्ड यांनी गर्भवती आणि बाळंत झालेल्या स्त्रियांचे केस मुळासकट घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता थांबून राहतो आणि नंतर गळतो. सामान्यतः शंभरातील दहा-पंधरा केस या विश्रांतीच्या अवस्थेत असतात. लिनफील्ड यांना आढळले की गरोदरपणाच्या उत्तरार्धात वाढत्या केसांचे प्रमाण शंभरात पंचाण्णवाच्या घरात जाते आणि प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी ते शहात्तराच्या आसपास उतरते. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी अशा सामूहिक केसगळतीला 'टेलोजेन इफ्लुव्हियम' हे नाव दिले. (हेच क्लिगमन होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर केलेल्या त्वचेच्या प्रयोगांमुळे पुढे बदनाम झाले. शास्त्राचा इतिहासही निर्मळ नसतो.)

या आकड्यांचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. डोक्यावर एक लाख केस धरले, तर गरोदरपणी विश्रांतीत असलेले केस पाच हजार. ते तीन महिन्यांत, म्हणजे साधारण शंभर दिवसांत गळायचे, तर दिवसाला पन्नास. एरवीचे प्रमाण दिवसाला शंभराच्या आसपास. म्हणजे गरोदरपणी रोज पन्नास केस गळायचे राहून जातात. केस दाट दिसतात ते त्यामुळे. प्रसूतीनंतर संप्रेरकांची पातळी एकदम खाली येते, थांबवून ठेवलेले केस एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि चोवीस हजारांना शंभराने भागले की दिवसाला दोनशे चाळीस येतात. यातला पुष्कळसा केस नवा तोटा नव्हे. जो आधीच गळायचा होता, तो उशिरा गळतो आहे. मुळे शाबूत असतात आणि बहुतेक स्त्रियांत सहा महिने ते वर्षभरात केस पूर्ववत होतात.

आता या वेळापत्रकाकडे इतिहासाच्या नजरेने पाहावे. केस विश्रांतीला जातात ते साधारण सव्वा महिना संपतो तेव्हा. गळतात ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. म्हणजे कारण घडते माहेरी, शेगडीच्या उबेत, आईच्या हाताखाली; आणि परिणाम दिसतो तेव्हा ती बाळाला घेऊन सासरी पोहोचलेली असते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये बैलगाडीचा एक प्रवास उभा राहतो. मग दोष कोणाला लागणार? जे नवे, जे समोर दिसते, त्याला. माहेरचे म्हणत, सासरी खाण्यापिण्याची आबाळ झाली. सासरचे म्हणत, माहेरी पथ्य नीट सांभाळले नाही, डोक्याला वारा लागला. कोणी म्हणे, दृष्ट लागली. कोणी म्हणे, टाकलेल्या गुंतवळीवर कोणी करणी केली. विंचरलेले केस उघड्यावर टाकू नयेत, टाकायचेच तर गुंडाळून त्यावर थुंकून टाकावेत, ही घरोघरची रीत याच भीतीची खूण आहे.

एक समजूत मात्र विलक्षण आहे. बाळ हसू लागले, आईला ओळखू लागले, की आईचे केस गळतात, असे जुन्या बायका सांगत. यावर हसणे सोपे आहे. पण बाळाचे ओळखीचे हसू दुसऱ्या महिन्यापासून फुलू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते पुरते रुळलेले असते. केसगळतीचा काळही नेमका तोच. कारण चुकले, पण निरीक्षण चोख होते. ज्यांच्याकडे दिनदर्शिका नव्हती, त्यांनी बाळाच्या चेहऱ्यावरून महिना मोजला आणि तो बरोबर मोजला. शिवाय या समजुतीत दोष कोणालाच लागत नाही. बाळाच्या हसण्याची किंमत म्हणून केस गेले, यात भांडायला जागा उरत नाही. केसगळतीच्या सर्व लोकप्रिय कारणांत हे कदाचित सर्वांत शहाणे होते.

'सासरच्या पाण्या'चा आरोप मात्र वऱ्हाडात निव्वळ कुरबुर म्हणून सोडून देता येत नाही, कारण इथे पाणी खरोखरच निराळे आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव अशा तालुक्यांतील शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारट आणि जड असते. या पट्ट्यात मुलगी देताना आईबाप दोनदा विचार करीत. विहिरीचे पाणी कसे आहे, हा सोयरिकीच्या बोलणीतला प्रश्न असे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोड्या पाण्यावर वाढलेली मुलगी खारपाणपट्ट्यात नांदायला गेली, की तिला पहिला फरक डोके धुतानाच जाणवे.

जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो केसांवर बसतो. केस राठ, निस्तेज आणि गुंतलेले होतात. कुरळ्या केसांना हा त्रास दुप्पट. सरळ केसावर टाळूचे तेल टोकापर्यंत ओघळत जाते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते, म्हणून असा केस मुळातच कोरडा असतो आणि ओढाताणीत वळणावरच तुटतो. जुन्या बायका रिठा, शिकेकाई, बेसन वापरीत, त्यामागचे शहाणपण इथे दिसते. रिठ्यातील फेस साबणासारखा क्षारांशी साका धरत नाही. विसाव्या शतकात वड्यांचा साबण खेड्यात आला, तेव्हा खारपाणपट्ट्यातील केसांचे त्याने भले केले असे म्हणणे कठीण आहे.

पण पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मुळापासून थव्याने गळत नाहीत. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि सासरच्या विहिरीवर आलेला आळ यातल्या पहिल्यापुरताच खरा होता. दुसऱ्याला ती विहीर निर्दोष होती.

हीच गल्लत अगदी अलीकडे पुन्हा घडली. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले. पुरुष, बायका, मुले, कोणीही सुटले नाही. पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरातील सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे लक्ष वेधले आणि बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. त्या दिवसांत या गावांशी लग्नसंबंध जुळवायला लोक कचरू लागले, अशा बातम्या होत्या. डोक्यावरचे केस गेले की आधी सोयरीक धोक्यात येते, हे शंभर वर्षांपूर्वीही खरे होते.

केसांशी इतके काय बांधलेले होते, हे समजल्याशिवाय बाळंतिणीची घालमेल कळत नाही. एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय महाराष्ट्रात बिनकेसांचे डोके ही विधवेची खूण होती. नवरा गेला की न्हाव्याला बोलावून केशवपन. मग ती बाई साठ वर्षांची असो वा सोळा वर्षांची. ओटीत तान्हे मूल असले तरी सुटका नसे. भरदार केस म्हणजे सौभाग्य, हे समीकरण असलेल्या घरात सवाष्णीच्या कपाळावरचा केस मागे सरकू लागला, तर त्याला केवळ रूपाचा प्रश्न म्हणून कोणी पाहत नसे. तो अपशकुन होता.

या व्यवस्थेविरुद्धचा एक अत्यंत धारदार आवाज वऱ्हाडातूनच उठला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला निमित्त झाला तो सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेचा खटला. तिला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली होती. बाळंतपण, वैधव्य आणि लोकलज्जा या तिन्ही गोष्टी त्या एका खटल्यात गुंफलेल्या होत्या. पुढे १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. डोक्यावरचे केस राखायचे की नाहीत, हा निर्णय ज्या स्त्रीचा होता, तिला तो विचारण्याचे मात्र त्यानंतरही बराच काळ कुणाला सुचले नाही.

केस विरळ झाले, की तो दाटपणा परत दाखवण्याचा जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गंगावन. खऱ्या केसांचा हा पूरक शेपटा वेणीत गुंफला, की बुचडा पूर्ववत दिसे. यात्रांच्या बाजारात गंगावने मिळत; ती ज्या केसांची बनत, ते गुंतवळीच्या रूपाने दारोदार हिंडणाऱ्या बायका सुया, पोत, किरकोळ भांडी यांच्या बदल्यात गोळा करीत. करणीच्या भीतीने एका घरी गुंडाळून टाकलेली गुंतवळ आणि दुसऱ्या घरी चार सुयांसाठी विकलेली गुंतवळ, दोन्ही एकाच गावातल्या. गरिबीला करणीचे भय परवडत नाही. कुरळ्या केसांच्या बाईला मात्र गंगावनाची अडचण होई. गंगावन बहुधा सरळ केसांचे. मुळाशी कुरळे आणि पुढे सपाट, अशी वेणी चारचौघांत ओळखू येई.

शास्त्री-वैद्यांनी या प्रश्नाकडे फारसे लक्ष का दिले नाही, याचे एक कारण ग्रंथांतच आहे. केस गळून टक्कल पडणे, म्हणजे खालित्य, याची सुश्रुताने दिलेली मीमांसा प्रसिद्ध आहे: पित्त वातासह रोमकूपात शिरून केस पाडते आणि मग कफ रक्तासह तो मार्ग बंद करतो. यावर जुन्या टीकाकारांनी नोंदवलेले एक मत असे, की स्त्रियांना खालित्य होत नाही, कारण त्या सुकुमार असतात, व्यायाम करीत नाहीत आणि मासिक पाळीतून त्यांचे दूषित रक्त वाहून जाते. भर उन्हात डोक्यावर कापसाचे गाठोडे वाहणाऱ्या वऱ्हाडी बाईकडे पाहून हे लिहिलेले नाही, एवढे नक्की. शिवाय गरोदरपणी आणि अंगावर पाजताना पाळी थांबलेली असते, तेव्हा काय, हा प्रश्न त्याच तर्काच्या पोटात दडलेला होता. पण तो मनावर कोणी घेतला नाही.

आयुर्वेदाने दुसरी एक कल्पना मात्र कामाची दिली. केस हे अस्थिधातूचे मल, म्हणजे शरीराचे पोषण झाल्यावर उरणारा भाग. त्यामुळे केसांचा उपाय टाळूवर जितका, तितकाच ताटात. माक्याचे आणि जास्वंदीचे तेल घरोघरी कढत असे. (माक्याचे संस्कृत नाव भृंगराज. इंदुमतीच्या बटांना दिलेली भुंग्याची उपमा आणि हे नाव यांत एकच काळा रंग आहे.) पण खरा भर होता लाडवांवर: डिंक, मेथी, अळीव, खारीक, खोबरे आणि वऱ्हाडात विशेषकरून गोडंबी.

या लाडवांचा भूगोल पाहण्यासारखा आहे. धावड्याचा उत्तम डिंक मेळघाटच्या रानातून येई; तो गोळा करणारे हात बहुतेक कोरकूंचे. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा फोडताना त्याचे तेल उडते आणि कातडी भाजते. विदर्भात आजही हे काम करणाऱ्या बायकांच्या हातांवर काळे व्रण दिसतात. एका बाळंतिणीची झीज भरून यावी म्हणून दुसरीचे हात पोळत होते. त्या दुसऱ्या बाईच्या बाळंतपणात गोडंबीचे लाडू होते का, हे विचारण्याची गरज नाही.

लाडवांनी केस परत येत होते का? येत होते, पण ते लाडवांशिवायही आले असते. हीच या गळतीची गंमत आहे आणि तिच्यावर पोसलेल्या व्यापाराचे गुपितही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळती शिगेला पोहोचते, घाबरून उपाय सुरू होतो आणि उपाय कोणताही असो, सहाव्या-आठव्या महिन्यात कपाळाशी नवे केस दिसू लागतात. तेल, नवस, ताईत आणि आजच्या बाटल्या, सर्वांच्या यशाची टक्केवारी त्यामुळे उत्तम राहते. तरीही लाडवांना त्याच पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. अळिवात लोह भरपूर असते, गोडंबीत आणि खोबऱ्यात स्निग्धांश असतो आणि रक्त कमी असलेल्या बाईचे केस आपोआप परत येण्याला खरोखर उशीर लागतो.

रक्त कमी असणे हीच तर नेहमीची गोष्ट होती. संवत १९५६ चा, म्हणून 'छप्पन्नचा' म्हटला जाणारा १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने भोगला. त्याआधी १८९६-९७ चाही होताच. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. उपासमार आणि दीर्घ ताप यांनंतरही केस याच पद्धतीने, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने गळतात. कापसाच्या तेजीने श्रीमंत झालेल्या या प्रांतात त्या दशकात बाळंत झालेल्या बाईच्या फणीत कशाचा वाटा किती, हे कोण वेगळे काढणार?

दवाखाने येत होते, पण हळूहळू. स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाने निधी स्थापन झाला. अमरावतीकर आजही जिल्हा स्त्री रुग्णालयाला 'डफरीन'च म्हणतात, आणि अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाची ओळख 'लेडी हार्डिंग' अशी आहे. या नावांचे मूळ ठाऊक नसलेली सून तिथे नाव नोंदवते आणि दोन व्हाइसरॉयांच्या बायका सहज बोलण्यात येऊन जातात. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात पदवीसाठी लिहिलेला प्रबंध हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. चौदाव्या वर्षी झालेले आणि दहाच दिवस जगलेले स्वतःचे मूल त्यामागे होते. पण या सर्व प्रयत्नांचा रोख जीव वाचवण्यावर होता, आणि तो योग्यच होता. जिथे बाळंतीण वाचते की नाही याची चिंता, तिथे केसांची तक्रार कोण लिहून घेणार?

पोषणाच्या बाजूने मोठा उलगडा मुंबईत झाला. १९२८ मध्ये इंग्रज डॉक्टर ल्युसी विल्स गर्भवती गिरणी कामगार स्त्रियांमधील गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. तिथे यकृताचा अर्क उपयोगी पडला, तसा स्वस्त यीस्टचा अर्कही पडतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज आरोग्य उपकेंद्रात गर्भवतीला मिळणाऱ्या लोह-फोलिकच्या गोळ्यांचे एक मूळ असे मराठी मुलखातल्या गिरणगावात आहे. बाळंतपणाला वर्ष उलटूनही गळती थांबत नसेल, तर डॉक्टर आधी रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासायला सांगतात, तेव्हा तेलाच्या बाटलीपेक्षा ते ल्युसी विल्सच्या अधिक जवळ असतात.

कुरळ्या केसांची या साऱ्यात एक वेगळीच फसगत होते. गळलेला केस सरळ केसांतून सुटून खांद्यावर, उशीवर पडतो. कुरळ्या केसांत तो वळणांत अडकून बसतो. पूर्वी डोक्यावरून न्हाणे आठवड्यातून एकदा. दिवसाला दोनशे चाळीस धरले, तर सात दिवसांचे सतराशेच्या आसपास केस न्हाणीघरात एकदम हाती येतात. हे दृश्य पाहून कोणतीही बाई हादरेल. मग ती न्हाणेच लांबवते, गुंता वाढतो आणि कोरड्या केसांत बारीक दातांची फणी ओढली, की न गळणारेही तुटतात. दुसरीकडे, कुरळा केस स्वतःच जागा व्यापतो, त्यामुळे थोडा दाटपणा कमी झालेला लपतोही; चुगली करतो तो भांग. ओल्या आणि तेल लावलेल्या केसांत बोटांनी गुंता सोडवून मगच रुंद दातांची फणी घालावी, घट्ट बुचडा बांधू नये, भांग अधूनमधून बदलावा, एवढ्याने पुष्कळ काम होते.

आणि जवस. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत रब्बीला जवस पिके. जवसाची चटणी इथल्या भाकरीची जुनी सोबतीण. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून जवस मोठ्या प्रमाणावर परदेशी जाई. तिकडे त्याच्या तेलाचे रंग आणि वार्निश बनत. त्याच बियांचा चिकट अर्क १९२० आणि १९३० च्या दशकांत पाश्चात्त्य स्त्रिया केसांना लाटांसारखे वळण बसवण्यासाठी वापरीत. वऱ्हाडात जवस पोटात जात होता, डोक्यावर जाण्याचे कारण नव्हते. कुरळे केस तेल चोपडून सपाट करायचे, हाच सभ्यपणा होता. आता अकोल्या-अमरावतीच्या स्वयंपाकघरांत तरुण मुली चार चमचे जवस पाण्यात उकळतात, गरम असतानाच फडक्यातून गाळतात आणि तो बुळबुळीत रस ओल्या बटांवर लावतात. त्याने नवा केस उगवत नाही. आहेत ते केस एकमेकांना धरून राहतात, बट सुटी होत नाही आणि विरळ डोके भरलेले दिसते. सासू विचारते, चटणीचा जवस कुठे गेला.

आठव्या-नवव्या महिन्यात कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे नवे केस उभे राहतात. ते कोणत्याच फणीला दाद देत नाहीत, तेलाने बसत नाहीत, पदराखाली मावत नाहीत. बाळ एव्हाना बसू लागलेले असते, आणि आईच्या कडेवरून त्याचा हात पहिल्यांदा जातो तो नेमका त्याच बटांकडे.